आवडतं हॉटेल बंद पडू नये म्हणून गिऱ्हाइकाने काय करावं

मदत कुठे लागू पडते हे समजायला आधी हॉटेलचा हिशेब माहीत हवा. बसून जेवायच्या छोट्या, स्वतंत्र हॉटेलात गल्ल्यात आलेल्या दर १०० मधले साधारण २८ ते ३५ कच्च्या मालावर जातात आणि जवळपास तेवढेच पगारांवर. हे दोन्ही मिळून ६५ च्या वर गेले की धंदा डळमळतो. भाडं ६ ते १०. मग वीज, गॅस, पाणी, दुरुस्ती, परवाने, कार्डाचं शुल्क, कर्जाचा हप्ता. सगळं देऊन मालकाच्या हातात ३ ते ५ उरले तरी महिना बरा गेला म्हणायचा.

आता विक्री १०० वरून ९० वर आली असं धरा. मालाचा खर्च ३२ टक्के असेल तर १० ची विक्री बुडाल्यावर मालाचे ३.२ वाचतात. भाडं, पगार, फ्रीजची वीज मात्र तेवढीच राहते. म्हणजे ६.८ चा खड्डा पडतो आणि ज्याला ५ उरत होते तो १.८ ने तोट्यात जातो. दहातलं एक गिऱ्हाईक कमी झालं, एवढंच घडलेलं असतं. हाच हिशेब उलटाही चालतो. एरवी रिकामं राहिलं असतं अशा टेबलावर १०० चं बिल झालं, तर माल वगळून ६८ भाड्यापगाराच्या कामी येतात. त्यामुळे तुम्ही किती खर्च करता यापेक्षा कधी आणि कोणत्या वाटेने करता, याला जास्त महत्त्व आहे.

अडचण ओळखायची कशी

मालक स्वतःहून सांगत नाही. पण खुणा दिसतात. पूर्वी दोन वेळ उघडं असणारं हॉटेल एकाच वेळी उघडतं, आठवड्यात सुट्टीचा आणखी एक दिवस वाढतो. मेनूतले निम्मे पदार्थ रोजच ‘आज नाही’ असतात. मेनू आटोपशीर करणं शहाणपणाचं असू शकतं, पण तेव्हा मेनूकार्ड नव्याने छापलं जातं. जुन्याच कार्डावरून रोज नकार मिळत असेल तर माल भरायला पैसे नाहीत असा अर्थ निघतो. माल देणारा टेम्पो दारात थांबून रोख घेतल्याशिवाय क्रेट उतरवत नसेल, तर उधारी बंद झाली आहे. बारा महिने चाललेली भरघोस सूट हीसुद्धा तीच खूण.

विचारायचं असेल तर गर्दी ओसरल्यावर, गल्ल्यावर दुसरं कुणी नसताना विचारा. ‘धंदा कसा काय?’ याला उत्तर नेहमी ‘ठीक चाललंय’ असंच येतं. त्याऐवजी दोन नेमके प्रश्न टाका: ‘कोणत्या दिवशी, किती वाजता टेबलं रिकामी असतात?’ आणि ‘पार्सल कुठून मागवलं तर तुम्हाला जास्त उरतं?’ यांची उत्तरं द्यायला कुणाला कमीपणा वाटत नाही, आणि पुढची सगळी आखणी त्यावरच करता येते.

रिकामी वेळ भरा

बहुतेक ठिकाणी आठवड्याचे पहिले तीन दिवस मंद असतात. ब्रिटन सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये हॉटेलात बसून खाणाऱ्यांना बिलात निम्मी सूट दिली, तीही माणशी मर्यादा घालून आणि फक्त सोमवार ते बुधवार. शनिवारी रात्री साडेआठला टेबल तसंही भरणारच असतं. तेव्हा तुम्ही गेलात म्हणून हॉटेलला जादा काहीच मिळत नाही. उलट दोघांनी चौघांचं टेबल दोन तास अडवलं तर रांगेतलं कुटुंब परत जातं. गर्दीच्या वेळी गेलात तर जेवण झाल्यावर उठा. गप्पांसाठी मंगळवार आहे.

एक दिवस ठरवा आणि तो मालकाला सांगून ठेवा: ‘आम्ही दर बुधवारी सातला चौघं येऊ.’ या एका वाक्याने स्वयंपाकघरातला अंदाज सुधारतो. मंद दिवशी आचाऱ्याला किती माल काढायचा ते कळत नाही. जास्त काढला तर रात्री टाकून द्यावा लागतो, कमी काढला तर आलेलं गिऱ्हाईक नकार ऐकून जातं. ठरलेल्या चार माणसांमुळे हा अंदाज पक्का होतो. येणार नसाल तर आदल्या दिवशी कळवा, निदान चार तास आधी तरी. टेबल राखून ठेवायला सांगून न येणं हे मंद दिवशी फार महागात पडतं, कारण त्या टेबलाच्या भरवशावर माल काढलेला असतो आणि एक माणूस कामावर बोलावलेला असतो.

पार्सल मागवताना

डिलिव्हरी अ‍ॅप हॉटेलकडून ऑर्डरच्या साधारण १५ ते ३० टक्के कमिशन घेतात. १०० च्या ऑर्डरमधून मालाचे ३२, डबे-पिशव्यांचे ५ आणि कमिशनचे २५ गेले की हाती ३८ राहतात. तीच ऑर्डर फोनवर दिली आणि स्वतः जाऊन आणली तर ६३. अ‍ॅपवरच्या सवलतीचा काही भार बऱ्याचदा हॉटेलच उचलतं, तेव्हा हे ३८ आणखी खाली जातात.

नंबर हॉटेलच्या बिलावरून किंवा पाटीवरून घ्या. इंटरनेटवर शोधल्यावर सगळ्यात वर दिसणारा नंबर किंवा ‘ऑर्डर करा’चं बटण कधीकधी मधल्याच कंपनीकडे नेतं आणि कमिशन कापलंच जातं. फोन गर्दी सुरू व्हायच्या तासभर आधी करा. ऐन घाईत गल्ल्यावरचा माणूस एका कानाने तुमचं ऐकतो आणि हाताने दुसऱ्याचं बिल करतो. चुकीची पार्सलं निघतात ती याच वेळी. सगळ्यांचं आधी ठरवा, यादी समोर ठेवा, एका दमात सांगा, आणि शेवटी ‘एकदा परत वाचून दाखवता का?’ म्हणा. चमचे, टिश्यू, जादा पुड्या नको असतील तर तेही सांगा, त्याचेही पैसे पडतात. सांगितलेल्या वेळेला पोचा. वीस मिनिटं उशिरा पोचलात तर बंद डब्यात वाफ धरून कुरकुरीत पदार्थ मऊ पडतो आणि नाव मात्र आचाऱ्याचं खराब होतं. घर लांब असेल तर रस्साभाजीसारखे वाटेत न बिघडणारे प्रकारच मागवा.

घरातून निघणं शक्यच नसेल तर अ‍ॅपवरून मागवा. न मागवण्यापेक्षा ३८ बरे. वृद्ध किंवा आजारी गिऱ्हाइकाने याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

काय मागवावं

आजचा खास पदार्थ मागवा. तो बहुधा हाताशी असलेला माल संपवण्यासाठी केलेला असतो, म्हणून हॉटेलचं नुकसान वाचवतो. तिथेच बनवलेली पेयं आणि गोड पदार्थ यांत मालाचा खर्च किमतीच्या मानाने कमी असतो. बाटलीबंद वस्तूत फारसं काही सुटत नाही. पदार्थात पाच बदल सांगू नका. एका ताटासाठी वेगळं भांडं चढवावं लागलं की मागची चार ताटं अडतात. आणि कूपन मंद दिवशीसुद्धा घरीच ठेवा.

आगाऊ पैसे, पण बेताने

गिफ्ट व्हाउचर म्हणजे हॉटेलला दिलेलं बिनव्याजी कर्ज. पैसे आज मिळतात, पण व्हाउचर वापरलं जातं त्या दिवशी माल लागतो आणि गल्ल्यात काही येत नाही. एकाच महिन्यात ढीगभर व्हाउचरं विकली आणि पुढच्या महिन्यात सगळे एकदम वापरायला आले, तर मदतच गळफास होते. लहान रकमेची घ्या, मंद दिवशी वापरा आणि बिल व्हाउचरपेक्षा थोडं जास्त होऊ द्या. हॉटेल बंद पडलं तर व्हाउचरवाल्यांचा नंबर घेणेकऱ्यांच्या रांगेत बहुधा शेवटी लागतो, म्हणून बुडाली तरी चालेल एवढीच रक्कम गुंतवा.

याहून चांगला मार्ग म्हणजे ऑफिसची किंवा घरगुती कार्यक्रमाची मोठी ऑर्डर. यात माल किती लागणार ते आधी ठाऊक असतं, वाया काही जात नाही, आणि दुपारच्या रिकाम्या वेळेत काम उरकतं. दोन-तीनच पदार्थ ठरवा. माणसांचा आकडा ४८ तास आधी द्या, शेवटचा बदल २४ तास आधी. निम्मी रक्कम आगाऊ आणि बाकीची जेवण पोचेल त्याच दिवशी. ‘आमच्याकडे बिलं तीस दिवसांनी निघतात’ असं म्हणणाऱ्या ऑफिसने छोट्या हॉटेलला ऑर्डर देऊच नये. पगार आणि मालाचे पैसे त्याला आठवड्याच्या आत द्यावे लागतात, तेव्हा मोठी उधार ऑर्डर ही त्याच्या गळ्यात बांधलेली धोंड ठरते.

लिहायचं काय आणि टाळायचं काय

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे ऑनलाइन नकाशावरची माहिती दुरुस्त करणं. वेळा चुकीच्या असतात, फोन बंद नंबराचा असतो, सुट्टीचा दिवस जुना असतो, कधी चक्क ‘कायमचं बंद’ असं दिसतं. मालकाला विचारून दुरुस्ती सुचवा आणि आजच्या मेनूकार्डाचा, भाव वाचता येतील असा फोटो टाका. दहा मिनिटांचं काम आहे.

रिव्ह्यूत ‘अप्रतिम, नक्की जा’ लिहून वाचणाऱ्याला काही कळत नाही. पदार्थाचं नाव, किती तिखट, एका ताटात किती जणांचं भागतं, लहान मुलं किंवा चाकाची खुर्ची असेल तर बसायची सोय, गाडी कुठे लावायची, कोणत्या वेळी शांत असतं, हे लिहा. दिवसाच्या उजेडातले दोन फोटो जोडा. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या हॉटेलांच्या अभ्यासात, येल्प या रिव्ह्यूंच्या वेबसाइटवर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं आणि हा परिणाम साखळी हॉटेलांवर नव्हे, स्वतंत्र हॉटेलांवर होतो, असं दिसलं होतं. पण एकाच दिवशी वीस मित्रांकडून पाच-पाच तारे देववू नका. असे रिव्ह्यू संशयास्पद ठरून काढले जातात आणि कधी त्याबरोबर खरेही जातात. काही बिघडलं असेल तर ताट समोर असतानाच सांगा, तेव्हा ते बदलून देता येतं.

‘आपलं हॉटेल बंद पडतंय, वाचवा’ अशी पोस्ट मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय कधीही टाकू नका. ती फक्त गिऱ्हाइकंच वाचत नाहीत. माल पुरवणारा वाचतो आणि उरलीसुरली उधारी थांबवतो. वेटर वाचतो आणि दुसरी नोकरी बघतो. जागामालक वाचतो आणि नवा भाडेकरू शोधायला लागतो.

परवानगी असली तरी अशा पोस्टचा दुसरा धोका राहतोच. ४० खुर्च्यांच्या हॉटेलात शनिवारी दीडशे माणसं येतात. स्वयंपाकघरात दोनच आचारी, माल आठला संपतो, लोक तासभर ताटकळतात, चिडून एक तारा देऊन जातात. नेहमीची गिऱ्हाइकं गर्दी बघून दारातून परततात. पुढच्या शनिवारसाठी मालक दुप्पट माल भरतो आणि तेव्हा कुणीच येत नाही.

त्यापेक्षा शांतपणे ३० जणांचा गट करा. प्रत्येकाने पंधरा दिवसांतून एकदा, सोमवार ते बुधवारमधला ठरलेला दिवस घ्यायचा. आठवड्याला १५ माणसं, म्हणजे रोज पाच. मंगळवारी एरवी १२ जण जेवत असतील तर १७ होतात, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त वाढ, आणि तीही जादा नोकर न ठेवता. हे सहा महिने टिकवा. गट बहुधा दुसऱ्या महिन्यात ढिला पडतो, म्हणून कोण कधी जाणार याची यादी एकाने ठेवावी आणि आदल्या दिवशी आठवण करावी.

वर्गणी कधी काढावी

खड्डा एकदाच पडलाय की दर महिन्याला पडतोय, हे आधी विचारा. फ्रीज जळाला, रस्ता खोदल्यामुळे दोन महिने दार अडलं, अशा एकदाच्या फटक्याला वर्गणी उपयोगी पडते. दर महिन्याचीच तूट असेल तर ते पैसे तीन महिन्यांत संपतात आणि हॉटेल तिथेच राहतं. दुरुस्तीचं लेखी कोटेशन घ्या, रक्कम थेट दुरुस्ती करणाऱ्याला द्या, आणि ही भेट आहे, कर्ज आहे की जेवणातून फिटणार आहे, ते कागदावर लिहा. भाडेकरार संपत आला असेल तर मालकाला विचारून नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या सह्यांचं पत्र जागामालकाला द्या. गजबजलेला, वेळेवर भाडं देणारा गाळा रिकामा करण्यात त्याचंही नुकसान असतं, हे त्यात स्पष्ट मांडा. करार संपायच्या निदान सहा महिने आधी हे व्हायला हवं. शेवटच्या आठवड्यात नवा भाडेकरू ठरलेला असतो.

भाव वाढले तर

वरच्याच हिशेबात १०० ला ५ उरतात. भाव ५ टक्क्यांनी वाढले आणि गिऱ्हाईक तेवढंच राहिलं, तर १०५ मधून ९५ जाऊन १० उरतात, म्हणजे दुप्पट. बुडणाऱ्या हॉटेलला सावरायचा याच्याइतका जलद उपाय नाही, आणि मालक तोच सगळ्यात उशिरा करतो, कारण नेहमीच्या माणसाची नाराजी त्याला नको असते. नवं मेनूकार्ड हातात आलं की भावाबद्दल चकार शब्द न काढता नेहमीचं मागवा, आणि पुढच्या बुधवारी परत जा.