शेवटची ओळ दोनदा का छापली जाते? सी भाषेत फाइल हाताळताना या चुका टाळा

फाइल हँडलिंगचा धडा सीच्या अभ्यासक्रमात बहुधा शेवटी येतो आणि घाईत उरकला जातो. मग प्रोजेक्टच्या वेळी प्रोग्राम कंपाइल होतो, एरर दिसत नाही आणि तरीही निकाल चुकतो. कारण शोधायला गेलं तर पुष्कळदा एकच सापडतं: फंक्शनने परत दिलेली किंमत कोणी पाहिलेलीच नसते.

फाइल उघडणाऱ्या एफओपन फंक्शनपासूनच बघा. फाइल उघडली नाही तर ते नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, देतं. तो न तपासता वाचायला गेलात की बहुधा प्रोग्राम कोसळतो. नल आला की लगेच चुकीचं कारण छापणाऱ्या पीएररला बोलवा, म्हणजे फाइल सापडली नाही की परवानगी नाही, ते कळेल. फाइल समोर दिसतेय आणि तरी सापडत नाही? बहुतेक वेळा प्रोग्राम वेगळ्याच फोल्डरमधून चालत असतो. विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली फाइल प्रत्यक्षात ‘मार्क्स.टीएक्सटी.टीएक्सटी’ झालेली असू शकते. पाथमध्ये एकच बॅकस्लॅश दिला आणि पुढचं अक्षर टी असलं, तर सी त्याला टॅब समजतं. बॅकस्लॅश दोनदा द्या किंवा सरळ फॉरवर्ड स्लॅश वापरा.

आता शीर्षकातला प्रश्न. एफईओएफ हे फाइल संपली का ते सांगणारं फंक्शन. ‘एफईओएफ होत नाही तोवर वाच’ असा व्हाइल लूप कितीतरी नोट्समध्ये छापलेला आहे आणि तो चुकीचा आहे. फाइल संपत आली हे एफईओएफला आधी कळत नाही. वाचण्याचा प्रयत्न शेवटावर आपटला की मगच ते खरं होतं. समजा फाइलमध्ये विद्यार्थ्यांचे गुण आहेत. शेवटचे गुण वाचून झाले तरी त्यामागचं नवीन ओळीचं अक्षर शिल्लक असतं, म्हणून लूप आणखी एकदा फिरतो. या वेळी फाइलमधून किमती वाचणाऱ्या एफस्कॅनएफच्या हाती काही लागत नाही, व्हेरिएबलमध्ये जुनेच गुण राहतात आणि तेच पुन्हा छापले जातात. गंमत म्हणजे फाइलच्या शेवटी एंटर दिलेलं नसेल, तर शेवटचा आकडा वाचतानाच शेवट गाठला जातो आणि हाच लूप बरोबर चालतो. म्हणूनच ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे ऐकून फसू नका. नाव आणि गुण अशा दोन गोष्टी वाचत असाल तर एफस्कॅनएफने 2 परत दिले का, हीच लूपची अट ठेवा. ओळ वाचणारं एफगेट्स वापरत असाल तर नल येईपर्यंत वाचा. ओळीच्या शेवटचं नवीन ओळीचं अक्षर ते सोबत आणतं, हे मात्र विसरू नका. गेट्स या जुन्या फंक्शनच्या वाटेला जाऊच नका. सीच्या 2011 च्या मानकातून ते काढूनच टाकलं आहे.

एकेक अक्षर वाचणाऱ्या एफगेटसीचं उत्तर कॅर या अक्षराच्या प्रकारात साठवणं ही आणखी एक चोरटी चूक. ते इंट, म्हणजे पूर्णांक, देतं आणि फाइल संपल्याची खूण सहसा उणे 1 असते. साइन्ड कॅरमध्ये 255 ही बाइट सहसा उणे 1 होते आणि फाइल मध्येच संपल्यासारखी वाटते. अनसाइन्ड असेल तर उणे 1 कधी जुळतच नाही आणि लूप थांबत नाही.

लिहिण्यासाठी फाइल उघडणाऱ्या डब्ल्यू मोडबद्दल एवढंच: जुना मजकूर फाइल उघडताक्षणी जातो, तुम्ही एक अक्षरही लिहिलं नसलं तरी. भर घालायची असेल तर ए मोड. विंडोजवर चित्रं किंवा स्ट्रक्चर साठवताना मोडला बी (बायनरी) जोडा, नाहीतर 10 किमतीच्या प्रत्येक बाइटआधी 13 घुसतो.

लिहिलेलं फाइलमध्ये दिसत नसेल तर ते अजून बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, असेल. प्रोग्राम नीट संपला तर ते उतरतं, मध्येच कोसळला तर हरवू शकतं. फाइल बंद करणारं एफक्लोज लिहा आणि त्याचंही उत्तर तपासा, कारण डिस्क भरल्याची बातमी कधी कधी तिथेच पहिल्यांदा मिळते. अधिक चिन्हाच्या (वाचणं-लिहिणं दोन्ही चालणाऱ्या) मोडमध्ये लिहिल्यावर लगेच वाचायचं असेल, तर मध्ये बफर रिकामा करणारं एफफ्लश किंवा फाइलमधली जागा ठरवणारं एफसीक हवंच.