कोंबडीच्या आतड्यातील साखरेची वाहतूक प्रयोगशाळेत कशी पाहावी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलांना ‘ग्लुकोज सोडियमच्या जोडीने पेशीत शिरते’ हे वाक्य पाठ असते. आतली बाजू बाहेर उलटवलेल्या आतड्याच्या पिशवीवर, म्हणजे १९५४ साली विल्सन आणि वाइजमन या शास्त्रज्ञांनी मांडलेल्या पद्धतीने, ते एका सकाळीत पडताळता येते.

कोंबडीच्या दुकानात आदल्या दिवशीच सांगून ठेवावे, नाहीतर आतडी थेट बादलीत जातात. कोंबडी कापल्याबरोबर आतडे बर्फात गार केलेल्या सलाइनमध्ये घ्यावे. स्वादुपिंडाला कवेत घेणारा आद्यांत्राचा वेढा संपतो तेथून, बलकाच्या देठाची खूण म्हणून उरलेल्या बारीक गाठीपर्यंतचा भाग म्हणजे मध्यांत्र, तोच वापरावा. आतून धुऊन पाच-सहा सेंटिमीटरचे तुकडे करावेत आणि गुळगुळीत काचकांडीवर पायमोजा उलटावा तसे अलगद उलटावेत. आता मखमलीसारखे रसांकुर बाहेर दिसू लागतात. एक टोक दोऱ्याने बांधावे, सिरिंजने एक मिलिलिटर द्रावण भरावे आणि दुसरे टोक आवळावे. माझी पहिली पिशवी सैल गाठीमुळे गळली होती. म्हणून भरलेली पिशवी टिपकागदावर ठेवून पाहावी.

आत आणि बाहेर एकच द्रावण घ्यावे, कारण सारा प्रयोग याच अटीवर उभा आहे: दोन्ही बाजूंना ग्लुकोज १०० मिलिलिटरमध्ये १८० मिलिग्रॅम असताना नुसत्या विसरणाने, म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमीकडे पसरण्याने, आतले प्रमाण वाढू शकत नाही. पहिल्या पिशवीसाठी मिठाचे सलाइन घ्यावे. दुसरीसाठी मिठाऐवजी लिटरला सुमारे ५५ ग्रॅम मॅनिटॉल घालावे, म्हणजे सोडियम जाते पण परासरण दाब जवळपास तोच राहतो. बफर दोन्हींत पोटॅशियम फॉस्फेटचाच, सामू ७.४. आपल्या ऊसपट्ट्यात गूळ सहज मिळतो, पण येथे तो नको. त्यातील सुक्रोज रसांकुरांवर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि फ्रुक्टोजचा वाहक ग्लूट-५ सोडियमवर चालत नाही.

दोन्ही पिशव्या ३९ अंशांच्या पाण्यात, मत्स्यालयाच्या पंपाने हवा सोडत, ४५ मिनिटे ठेवाव्यात. नंतर आतले द्रावण काढून आकारमान मोजावे आणि ग्लुकोज ऑक्सिडेज किटने कलरीमापीवर (रंगाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्रावर) प्रमाण काढावे. साखरेमागोमाग पाणीही आत येते, त्यामुळे केवळ प्रमाण न पाहता एकूण मिलिग्रॅम काढावेत. रक्तासाठी बनवलेल्या ग्लुकोमीटरवर सलाइनचे आकडे विश्वासार्ह मानू नयेत.

सोडियम असलेल्या पिशवीत ग्लुकोज वाढलेले आढळावे. रसांकुरांच्या बाजूचे एसजीएलटी-१ हे प्रथिन दोन सोडियम आयनांबरोबर एक ग्लुकोज आत ओढते; रक्ताकडील बाजूचा पंप दर फेरीत तीन सोडियम बाहेर टाकून दोन पोटॅशियम आत घेतो आणि ही ओढ टिकवतो; साठलेले ग्लुकोज त्याच बाजूच्या ग्लूट-२ या वाहकामधून पिशवीच्या पोकळीत उतरते. दुसऱ्या पिशवीत ही चढण थांबते. तिच्यातले ग्लुकोज उलट थोडे घटले, तरी गोंधळू नये. आतड्याच्या पेशी स्वतःसाठीही साखर जाळत असतात.