सिलिकॉनमधून प्रकाश काढताय? आधी त्याच्यावर संशय घ्या

चिपमधे डेटा तांब्याच्या तारांतून पळवताना वीज जाते आणि चिप तापते ती वेगळीच, म्हणून ते काम प्रकाशाकडून करून घ्यायचं. वेव्हगाइड (प्रकाश वाहून नेणारी वाट) झाले, डिटेक्टर (प्रकाश टिपणारे) झाले, गाडी अडते ती लेझरपाशी, म्हणजे चिपवरच प्रकाश निर्माण करण्यापाशी. साध्या सिलिकॉनचा बँडगॅप (इलेक्ट्रॉनला खाली उतरताना पार करावी लागणारी ऊर्जेची दरी) इनडायरेक्ट, म्हणजे प्रकाश द्यायला इलेक्ट्रॉनला फोनॉनची (स्फटिकातल्या कंपनाची) साथ लागते आणि ती मिळेपर्यंत तो स्फटिकातल्या कुठल्यातरी डिफेक्टमधे (दोषात) अडकतो, ऊर्जा गेली उष्णतेत.

पहिलं काम, प्रकाशाची वेव्हलेंग्थ (तरंगलांबी) ठरवा. १९९० मधे कॅनहॅम या संशोधकाने पोरस (सच्छिद्र) सिलिकॉन लाल चमकवून दाखवलं, दिसायला भारीच, पण १.१ मायक्रॉनच्या खालचा प्रकाश सिलिकॉनचा वेव्हगाइडच गिळतो, मग त्या लालचं करायचं काय?

आता मटेरियल. सिलिकॉनमधे एर्बियम हा धातू घातलात तर १.५४ मायक्रॉन मिळतं, टेलिकॉमला अगदी हवं तेच, पण प्रकाश फार मंद. जर्मेनियम-टिनचा बँडगॅप डायरेक्ट होतो, म्हणजे फोनॉनची साथ लागत नाही, फक्त टिन जर्मेनियममधे सुखाने एक टक्काही राहत नाही, म्हणून कमी तापमानात वाढवायचं आणि नंतर जास्त तापवायचं नाही, नाहीतर टिन बाहेर. मला स्वतःला षटकोनी रचनेच्या स्फटिकाचं सिलिकॉन-जर्मेनियम आवडतं. आइंडहोव्हनच्या बाकर्सच्या टीमने २०२० मधे वुर्ट्झाइट (षटकोनी रचनेच्या) गॅलियम आर्सेनाइडच्या नॅनोवायरवर (अतिसूक्ष्म तारेवर) त्याचं कवच चढवलं, आतल्या वायरची रचना वरच्या थराने उचलली आणि बँडगॅप डायरेक्ट झाला. सिलिकॉन-जर्मेनियमचं प्रमाण बदललं की प्रकाश १.८ ते ३.५ मायक्रॉनमधे हवा तिथे नेता येतो. नेहमीचा इंडियम गॅलियम आर्सेनाइड डिटेक्टर १.७ च्या आसपास आंधळा होतो हं, तो लावून सॅम्पल मेलं म्हणू नका, इंडियम अँटिमोनाइडवाला घ्या.

आणि मोजमापात प्रकाशाचा पीक (उंचवटा) दिसला की लगेच पेढे वाटू नका. सिलिकॉनमधल्या डिसलोकेशनसुद्धा (स्फटिकाच्या रांगांमधल्या चुका) खूप थंड केल्यावर १.५४ च्याच आसपास चमकतात, म्हणजे एर्बियम समजून तुम्ही स्वतःच्याच चुकांचा प्रकाश मोजत असता 😅 म्हणून एक जोडीचं सॅम्पल करा, तेच इम्प्लांट (आयन आत घुसवणं), तेच अ‍ॅनीलिंग (नंतर तापवणं), फक्त एर्बियमऐवजी सिलिकॉनचे आयन. तेही चमकलं तर मामला गडबड आहे.

डायरेक्ट बँडगॅपचा दावा असेल तर पल्स्ड लेझर मारून प्रकाश किती वेळात विझतो ते मोजा, चार केल्विनपासून (सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअस) रूम टेंपरेचरपर्यंत. नॅनोसेकंदात विझला, तरी तापमान वाढवल्यावर उजेड टिकून राहिला, तर आशा आहे. नॅनोसेकंदात विझतोय पण उजेडही पडत चाललाय, तर इलेक्ट्रॉन डिफेक्टच खातायत, परत ग्रोथ चेंबरकडे, म्हणजे स्फटिक नव्याने वाढवायला.