‘ज्युरिस’ अवघड नाही, वाचायची पद्धत चुकते : एलएलबी-एलएलएमच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

नागपूर विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा तोंडावर आली की ‘ज्युरिस’च्या, म्हणजे ज्युरिस्प्रुडन्स ऊर्फ न्यायशास्त्राच्या, नोट्सची झेरॉक्स हातोहात फिरू लागते. नोट्स वाईटच असतात असं नाही, पण साचा एकच: विचारवंताचं नाव, त्याचा संप्रदाय, व्याख्या आणि खाली टीकेचे चार मुद्दे. ऑस्टिन म्हणजे आज्ञा, केल्सन म्हणजे ग्रुंडनॉर्म, पाउंड म्हणजे सोशल इंजिनीअरिंग. एवढ्यावर पास होता येतं. पण ‘वाईट कायदा हाही कायदाच का? हार्टच्या आधारे चर्चा करा’ असा प्रश्न थोडा फिरवून आला, की पेन अडतो. उत्तर पाठ असतं, ते कोणत्या प्रश्नाचं आहे हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

‘भारतात संविधान हेच ग्रुंडनॉर्म’ लिहून मोकळं होणं

ही ओळ इतक्या गाइडांत छापलेली आहे की ती चुकीची वाटतच नाही. केल्सनचा प्रश्न बघा. व्हरायटी चौकात पोलिसानं फाडलेलं चलान वैध का? मोटार वाहन कायद्यामुळे. तो कायदा वैध का? संसदेनं केला म्हणून, आणि संसदेला तो अधिकार संविधान देतं. मग संविधान वैध का? इथे बोट दाखवायला वरचा कायदाच उरत नाही. ‘या संविधानाप्रमाणे वागलं पाहिजे’ हे आपण गृहीत धरतो, आणि केल्सनच्या लेखी ते गृहीतक म्हणजे ग्रुंडनॉर्म. ते कुठल्याच अनुच्छेदात सापडणार नाही.

आपल्याकडे तर हा मुद्दा अधिकच रंगतो. संविधान सभेच्या कायदेशीर अधिकारांवर शिक्का होता तो १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य अधिनियमाचा, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कायद्याचा. संविधानाच्या अनुच्छेद ३९५ नं तोच अधिनियम रद्द केला. ज्या शिडीनं वर चढलो ती वर पोचून काढून टाकली. ब्रिटिश राजाच्या संमतीलाही काही पाठवलं नाही. २६ नोव्हेंबर १९४९ ला ‘आम्ही भारताचे लोक’ म्हणत ते स्वीकारलं. मग वैधता आली कुठून? उत्तरपत्रिकेत हा प्रश्न नीट मांडलात तर व्याख्या शब्दशः आठवली नाही तरी चालेल.

पॉझिटिव्हिस्ट म्हणजे सरकारचा होयबा, हा समज

पॉझिटिव्हिस्ट म्हणजे कायद्याची वैधता त्याच्या नैतिकतेपासून वेगळी धरणारा. त्या पंथातल्या बेंथॅमनं १७७६ मध्येच सांगून ठेवलंय की कायदा काटेकोर पाळा आणि त्यावर मोकळेपणानं टीका करा. त्याला इंग्लंडचा कायदा सुधारायचाच होता. कायदा ‘काय आहे’ आणि ‘काय असावा’ हे वेगळं ठेवलं, तरच आहे त्याच्यावर नेमका हल्ला करता येतो, असं त्याचं म्हणणं. विसाव्या शतकातला इंग्लिश पॉझिटिव्हिस्ट हार्ट अमेरिकन विचारवंत फुलरबरोबरच्या १९५८ च्या वादात जवळपास हेच म्हणतो: नाझी कायदा कायदा होता हे मान्य करा, आणि मग तो पाळण्याच्या लायकीचा नव्हता हे स्पष्ट सांगा. फुलरचं उत्तर असं की गुपचूप केलेले, पूर्वलक्षी, परस्परविरोधी नियम मुळात ‘कायदा’ या नावालाच पात्र राहत नाहीत.

याच समजाचा दुसरा अवतार एडीएम जबलपूर खटल्यावर (१९७६; आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नाही, असं बहुमतानं ठरवलं) लिहिताना दिसतो: बहुमताचे चार न्यायमूर्ती पॉझिटिव्हिस्ट आणि एकटे न्या. खन्ना नैसर्गिक कायद्याचे, म्हणजे कायदा नैतिकतेपासून तोडता येत नाही असं मानणारे. निकालपत्र उघडा तर. खन्ना म्हणतात, अनुच्छेद २१ हा जीविताचा नि स्वातंत्र्याचा एकमेव आधार नाही. तो नसता तरी कायद्याच्या अधिकाराशिवाय राज्याला कुणाचं स्वातंत्र्य हिरावता येत नाही. हे वाक्य कोणत्या कप्प्यात टाकाल? मला तरी एकाच कप्प्यात टाकता येत नाही, आणि परीक्षकालाही तुमची तीच अडचण वाचायला आवडेल. २०१७ च्या पुट्टास्वामी निकालानं जबलपूरचं बहुमत मोडीत काढलं, हे शेवटी लिहायला विसरू नका.

ऑस्टिन तीन आहेत

गुगलवर ‘ऑस्टिन’ टाकून मजकूर उचलणाऱ्यांसाठी: आज्ञा-सिद्धान्तवाला (कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा) जॉन ऑस्टिन एकोणिसाव्या शतकातला. हार्टवर ज्याच्या भाषेच्या तत्त्वज्ञानाचा प्रभाव होता तो जे. एल. ऑस्टिन, विसाव्या शतकातल्या ऑक्सफर्डचा. आणि भारतीय संविधानाचा इतिहास लिहिणारा ग्रॅनव्हिल ऑस्टिन अमेरिकन. तिघांची खिचडी झालेले असाइनमेंट खरोखर येतात.

पाउंड आणि वेबर एकाच पोत्यात

पाउंड वकील. कायदा परिणामकारक कसा करावा, ही त्याची काळजी. वेबर आणि दुर्खीम कायद्याकडे समाजशास्त्रज्ञ म्हणून बघतात: लोक तो का मानतात, त्यातून समाजाबद्दल काय कळतं. पहिलं समाजशास्त्रीय न्यायशास्त्र, दुसरं कायद्याचं समाजशास्त्र. दोन्हींसाठी उदाहरण मात्र एकच चालतं, आणि ते विदर्भातलंच आहे. देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सत्र न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलं, आणि ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार नाही, असा तर्क होता. खंडपीठानं मात्र निमूट शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हे आधीच सांगितलं होतं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलनं झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आता पाउंड विचारेल की दुरुस्तीनं हेतू साधला का. वेबरचा वाचक विचारेल की ठाण्यात पोलिसासमोर उभ्या गरीब मुलीची ‘संमती’ न्यायालयाला दिसली तरी कशी.

एर्लिखच्या ‘जिवंत कायद्या’साठीही, म्हणजे लोक प्रत्यक्षात पाळतात त्या नियमांसाठी, त्याच्या पूर्व युरोपातल्या बुकोविनाच्या शेतकऱ्यांवर थांबू नका. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाची ग्रामसभा आहे. वनहक्क कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून ते गाव जंगलाचे निर्णय एकमतानं घेत आलंय. सामूहिक वनहक्काची कागदोपत्री मोहोर २००९ मध्ये उमटली.

आंबेडकर फक्त प्रस्तावनेत

दीक्षाभूमीच्या गावात राहून आपण हे करतो, याचं मला नवल वाटतं. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे उच्चाटन’मध्ये बाबासाहेब नियम आणि तत्त्व यांत फरक करतात: नियम काय करायचं ते सांगतो, तत्त्व निवाड्याची कसोटी देतं. अमेरिकन विचारवंत ड्वोर्किनची नियम-तत्त्व चर्चा १९६७ ची. दोन्ही एकच आहेत असं मात्र ठोकून देऊ नका. बाबासाहेबांचा रोख धर्माच्या नावानं चालणाऱ्या हुकुमांवर आहे, ड्वोर्किनचा न्यायाधीश कसा निर्णय देतो यावर. त्या फरकावर एक अख्खं डिझर्टेशन होईल.

प्रोजेक्टसाठी कोर्टात जाऊन प्रश्नावली वाटणं

‘आपला न्यायव्यवस्थेवर विश्वास आहे का? होय/नाही.’ तारखेला आलेला माणूस वकिलाच्या देखत ‘होय’च म्हणणार, राजेहो. त्यापेक्षा मोटार अपघात दाव्यांच्या कोर्टात मागे बसून ऐका. विमा कंपनीचा वकील तिथे रोजचा, कारकुनापासून सगळे ओळखीचे. नवरा गमावलेली बाई आयुष्यात पहिल्यांदा आलेली. अमेरिकन अभ्यासक गॅलँटरनं १९७४ मध्ये नेहमीचे आणि एकदाच येणारे पक्षकार असा जो भेद केला, तो इथे डोळ्यांनी दिसतो. खंडपीठात कामकाज इंग्रजीत चालतं. आपल्याच खटल्याचं किती पक्षकाराला कळतं, हे बाहेर आल्यावर विचारता येईल. कौटुंबिक न्यायालयात मात्र आधी चौकशी करा: १९८४ च्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे एका जरी पक्षानं मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागते, आणि मग तुम्हाला बाहेर थांबावं लागेल.