प्लगइन नंतर, आधी फेडर

मिक्सिंगला, म्हणजे गाण्याचे वेगवेगळे ट्रॅक एकत्र जुळवायला, बसलं की पहिल्यांदा सगळे प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे इफेक्ट) शोधत बसतात, मी पण तेच केलं, महिनाभर फुकटचे कॉम्प्रेसर (आवाजातला चढ-उतार कमी करणारे इफेक्ट) डाऊनलोड करत होतो आणि गाणं होतं तसंच गढूळ. नंतर कळलं की व्होकल गिटारखाली दबलाय, बस एवढंच.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर रीपर ६० दिवस सगळ्या फीचर्ससकट फुकट वापरून बघता येतं आणि ईक्यू (खालचे-वरचे सूर कमीजास्त करायला), कॉम्प्रेसर, रिव्हर्ब (आवाजाला घुमारा द्यायला) त्यातच आहेत. ऑडासिटीत पण ३.२ पासून रिअल टाइम इफेक्ट (गाणं वाजत असतानाच बदलता येणारे) आलेत, चार-पाच ट्रॅकला चालून जातं.

आता सगळे इफेक्ट बंद आणि सगळे फेडर (प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) खाली. गाण्यातला सगळ्यात भरगच्च भाग लूपवर टाका, मास्टर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र होतात तो) मोनो करा, म्हणजे डावी-उजवी बाजू एकच, आवाज इतका कमी ठेवा की बाजूच्याशी गप्पा मारता येतील, आधी व्होकल वर घ्या आणि मग बाकीचे एकेक त्याच्याभोवती बसवा. मोनो का, तर स्टिरिओत दोन वाद्यं डावी-उजवीकडे पळून सुटतात, मोनोत एकमेकांच्या अंगावर येतात आणि कोण कोणाला झाकतंय ते लगेच कळतं. मास्टरचा पीक (सगळ्यात मोठा आवाज) मायनस ६ डेसिबलच्या (डीबी) आसपास राहू दे, जास्त झाला तर सगळे ट्रॅक सिलेक्ट करून सारखेच खाली घ्या.

मोनोत गिटार अचानक पातळ वाटली आणि ती दोन माईकनी रेकॉर्ड केलेली असेल तर एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी (आवाजाची लाट वरची खाली) करून बघा. बऱ्याचदा तेवढ्यात भरीवपणा परत येतो.

मग ईक्यू. व्होकलला ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावा, त्याखाली बहुतेक पंख्याची घरघर आणि टेबलाचे धक्केच असतात. गढूळपणा शोधायचा २०० ते ४०० हर्ट्झमध्ये, छोट्या खोलीतल्या रेकॉर्डिंगला तर हमखास तिथेच सापडतो, पण सगळ्याच ट्रॅकमधून कापत सुटू नका, जो मागे राहिला तरी चालेल त्यातून २-३ डीबी काढा. हे सोलो करून, म्हणजे तो एकच ट्रॅक ऐकत, करायचं नाही. सोलोत गिटार भिकार वाटली तर वाटू दे, गाण्यात बसली पाहिजे!!

कॉम्प्रेसर लावायच्या आधी व्होकलमधले किंचाळलेले शब्द हातानेच खाली घ्या, कंटाळवाणं काम आहे पण फरक पडतो. नंतर कॉम्प्रेसरला ३:१ रेशो (मर्यादेच्या वर ३ डीबी गेलं तर १च बाहेर येतं), मोठ्या शब्दांवर ३ ते ६ डीबी रिडक्शन (आवाज तेवढा दाबला जाणं), पुरे.

रिव्हर्ब प्रत्येक ट्रॅकवर वेगळा नको, एकच ‘बस’ (सगळ्यांसाठी सामाईक इफेक्टचा ट्रॅक) करा आणि सेंडने (प्रत्येक ट्रॅकचा हवा तेवढा आवाज तिकडे वळवून) पाठवा, कॉम्प्युटरवरही ताण कमी. ऐकू यायला लागला की किंचित मागे घ्या.

शेवटी मोबाईलच्या स्पीकरवर ऐका. बेस गायब होणारच, तेव्हा बेस वाढवत बसू नका, त्यावर हलकं डिस्टॉर्शन टाका म्हणजे वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले उंच सूर) तयार होतात आणि त्या इवल्याशा स्पीकरवर पण बेसची चाल कळते. एक्स्पोर्ट २४ बिट वेव्हमध्ये करा, एमपीथ्री त्यातून कधीही काढता येते.