गावाच्या पाण्याचे २०४० पर्यंतचे नियोजन परिदृश्य पद्धतीने कसे करावे

परिदृश्य पद्धतीत भविष्याचे एकच भाकीत केले जात नाही. संभाव्य अशी तीन-चार चित्रे उभी करून आजचा निर्णय त्या प्रत्येकात टिकतो का, हे तपासले जाते. मराठवाड्यातील ग्रामपंचायतीने सुरुवात पाण्याच्या ताळेबंदापासून करावी. एक हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी मिळते. या हिशेबाने शिवारातील एकूण पाऊस काढून वाहून जाणारे व बाष्पीभवनाने उडणारे पाणी वजा करावे. विहिरींची पातळी ऑक्टोबर आणि मे महिन्यांत मोजून नोंदवलेली नसेल, तर पुढचे सारे अंदाज हवेतच राहतात.

नंतर गावाच्या हाती नसलेल्या दोन बाबी घ्याव्यात: पावसातील खंड आणि उसाचा भाव. त्यांच्या टोकांच्या जोड्या लावल्या की चार चित्रे मिळतात. माझ्या मते त्यांतील सर्वांत बोलके चित्र तुटपुंजा पाऊस आणि चढा भाव यांचे आहे, कारण नव्या बोअरची चढाओढ तेव्हाच लागते. टंचाईत पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या महिला आणि शेतमजूर ही चित्रे ठरवण्याच्या बैठकीत असलेच पाहिजेत.

मग ‘२०४० च्या मे महिन्यातही टँकर नको’ हे उद्दिष्ट धरून टप्प्याटप्प्याने मागे, यंदापर्यंत यावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने सिंचनासाठीच्या बोअरवर बंदी घातली आणि उपलब्ध पाणी पाहून पिके ठरवण्याची रीत पाडली. प्रत्येक चित्रासाठी धोक्याची खूणही ठरवावी: ऑक्टोबरमधील पातळी अमुक रेषेखाली गेल्यास उन्हाळी पिके घ्यायची नाहीत, असा ठराव ग्रामसभेत पावसाळ्यापूर्वीच मंजूर करून घ्यावा.