कोकणातून जमशेदपूर पाहायला जाताना

जमशेदपूर पाहायचे ठरले की तिकिटाआधी नकाशा काढावा. पेणजवळच्या डोलवीचा पोलाद कारखाना आपल्या परिचयाचा आहे. तिथे कोळसा आणि लोहखनिज धरमतरच्या खाडीतून बार्जने येते, म्हणून कारखानाही खाडीकाठीच आहे. मग समुद्रापासून इतक्या आत, झारखंडात, जमशेदपूर का वसले, हे समजण्यासाठी नकाशावर चार खुणा कराव्यात : उत्तरेला झरियाच्या कोळसाखाणी, दक्षिणेला ओडिशातल्या मयूरभंजमधला गुरुमहिसानीचा लोहखनिजाचा डोंगर, जवळून जाणारा जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग, आणि सुवर्णरेखा व खरकई या नद्यांचा संगम. गुरुमहिसानीच्या खनिजाची माहिती भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १९०४ मध्ये पत्राने जमशेटजी टाटांना कळवली. जमशेटजी त्याच वर्षी वारले आणि काम त्यांचे पुत्र दोराबजी यांनी पुढे नेले. १९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली, साकची या खेड्यापाशी कारखाना उभा राहिला आणि १९१२ मध्ये तिथे पहिले पोलाद निघाले.

कोकण रेल्वेने ठाण्यापर्यंत येऊन कल्याणहून हावड्याची गीतांजली एक्स्प्रेस धरावी. ती टाटानगरला थांबते. या स्थानकाचे मूळ नाव कालीमाटी. पहिल्या महायुद्धात इथल्या कारखान्याने रूळ पुरवले, त्याची दखल म्हणून १९१९ मध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी साकचीला जमशेटजींचे नाव दिले. सुट्टीमुळे मे महिना सोयीचा वाटतो. पण तिथला मे भाजून काढतो आणि आपल्याकडे तेव्हा आंब्याची घाई असते. त्यापेक्षा ३ मार्च, म्हणजे जमशेटजींचा जन्मदिवस, साधावा; त्या सुमारास ज्युबिली पार्कमध्ये रोषणाई असते.

पहिल्या दिवशी दोमुहानीला जाऊन नद्यांचा संगम पाहावा, म्हणजे नकाशावरची पाण्याची खूण प्रत्यक्ष दिसते. दुपारी दोनच्या सुमारास, पाळी बदलते तेव्हा, कारखान्याच्या फाटकापाशी थोडे लांब उभे राहावे : आत जाणारे आणि बाहेर पडणारे कामगार एकाच वेळी रस्त्यावर येतात आणि काही मिनिटे वाहने मुंगीच्या पावलांनी सरकतात. आठ तासांचा कामाचा दिवस या शहराने १९१२ मध्येच पाहिला, हे तेव्हा आठवावे.

नंतर बिष्टुपूरच्या रुंद, झाडांच्या रस्त्यांवरून पायी फिरावे. नगररचनेचा पहिला आराखडा पिट्सबर्गच्या ज्युलियन केनेडी यांच्या कचेरीत तयार झाला आणि १९४० च्या दशकात जर्मन वास्तुरचनाकार ऑटो कोनिग्सबर्गर यांनी नवा आराखडा केला. अधिकाऱ्यांचे बंगले, कामगारांची घरे आणि आखलेल्या हद्दीबाहेर वाढलेल्या वस्त्या यांतले अंतर एका संध्याकाळीही जाणवते. केवळ बाग आणि बंगले पाहून परतणाऱ्याला शहर अर्धेच कळते, असे माझे मत आहे. इथे आधीपासून राहणाऱ्या संथाळ, हो आणि भूमिज लोकांविषयीही स्थानिकांना आवर्जून विचारावे.

कारखाना आतून पाहायचा असल्यास परवानगी निघण्यापूर्वीच मागावी आणि बंद बूट सोबत घ्यावेत.